कॅन्ससच्या व्हेनिसमधली होडी

१

आमच्या गावात पाणी नाही, म्हणून गावची एकुलती एक होडी काचेच्या पेटीत ठेवलेली होती. ऑगस्टातल्या त्या रविवारी दुपारी पावणेबाराला ती पेटीही रिकामी सापडली.

गावाचं नाव व्हेनिस. कॅन्ससमधलं. शंभर वर्षांपूर्वी रेल्वेच्या कुणा साहेबानं नकाशाचं पुस्तक उघडून स्टेशनांना नावं वाटली. मागच्या गावाला कैरो गेलं, पुढच्याला जिनिव्हा, आणि आमच्या वाट्याला व्हेनिस आलं. तक्रार करायला तेव्हा इथं कुणी राहतच नव्हतं. एक ओढा आहे, तो जुलैत आटतो.

होडी मात्र खरी व्हेनिसची, असं आम्ही चाळीस वर्षं छाती काढून सांगत होतो. १९४४ साली युद्धकैदी इकडे शेतावर राबायला आणत, त्यांत टुलिओ झेनारो नावाचा इटालियन पोरगा होता. खऱ्या व्हेनिसचा, होड्या बांधणाऱ्याचा मुलगा. आफ्रिकेत पकडला गेला आणि अर्धं जग फिरून रेल्वेतून उतरला तो 'व्हेनिस' लिहिलेल्या पाटीखाली. पाटी बघून तो रडला की हसला यावर गावात अजून दोन तट आहेत. डालग्रेनांच्या शेतावर काम करताना त्यानं रिकाम्या वेळात ही होडी कोरली. दोन हात लांब, काळी कुळकुळीत, टोकाला लोखंडी कंगवा. आता १९८४ साल, आणि तोच टुलिओ मंगळवारी आम्हाला भेटायला येणार होता.

मी लोवेल एंगस्ट्रम, गावचा मार्शल. चारशे बारा माणसांना जेवढा पोलीस परवडतो तेवढा मी. हिवाळ्यात बर्फही मीच काढतो आणि मोकाट कुत्रीही मीच धरतो.

त्या रविवारी प्रार्थना सुटली तेव्हा चर्चच्या अंगणात आधी हशाच पिकला होता. पास्टर नायक्विस्टांनी आपल्या गाडीचं दार उघडलं आणि आतून हिरव्या झुकिनी, काकडीसारख्या पण चवीला भोपळ्यासारख्या, भदाभदा खाली पडल्या. अकरा होत्या, एकेक माझ्या दंडाएवढी.

आमच्याकडे वर्षभर कुणी कशाला कुलूप लावत नाही, पण ऑगस्टात गाड्या बंद ठेवाव्या लागतात. झुकिनीची दोन रोपं लावली तरी खाऊन खाऊन घर टेकीला येतं, मग जो तो दुसऱ्याच्या उघड्या गाडीत नेऊन टाकतो. कोण टाकतं ते कुणी विचारत नाही आणि कुणी कबूल करत नाही.

"पास्टर, नवीन आहात म्हणून सांगतो," एमेट डालग्रेन म्हणाला, "कुलूप लावत जा. देवाच्या दारात पाप माफ होतं, झुकिनी नाही."

"आणि तुमची गाडी?" पास्टर रडवेल्या आवाजात म्हणाले. "तिच्या तर काचाही खाली आहेत."

"माझी कधीच बंद नसते. सकाळी साडेनऊपासून त्या झाडाखाली अशीच उभी आहे. कुणी काही टाकलं तर माझी डुकरं दुवा देतात."

आम्ही हसत होतो तेवढ्यात आयोनी प्रुइट रस्त्यानं धावत आली. आयोनी आमची वाचनालयवाली. एकोणसाठ वर्षांची बाई, तिला धावताना मी शाळेत असल्यापासून पाहिलं नव्हतं.

"लोवेल," ती म्हणाली, "होडी गेली."

२

वाचनालय म्हणजे खाली एक मोठी खोली आणि वर आयोनीच्या दोन खोल्या. नोकरीबरोबर मिळालेलं घर. नवरा गेल्यापासून ती बावीस वर्षं तिथंच राहते. बाहेरच्या दाराची किल्ली खिडकीच्या झडपेमागे खिळ्याला टांगलेली असते आणि ते व्हेनिसमधल्या कुत्र्यामांजरांनाही माहीत आहे.

पण पेटीची गोष्ट वेगळी होती. चर्चला जाताना मी स्वतः खिडकीतून होडी तिच्यात पाहिली होती. काच शाबूत, कुलूप शाबूत, आणि त्याची एकच किल्ली आयोनीच्या जुडग्यात.

गावसमितीची अध्यक्ष मॅक्सीन टॉलिव्हर माझ्या मागोमाग आत आली. पेटीकडे बघितलं, आयोनीकडे बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं चौकशी सुरू केली.

"आज चर्चला का नव्हतीस?"

"काम होतं."

"रविवारी सकाळी? कुठं?"

"माझं काम होतं, मॅक्सीन."

"तुझे वडील तीस वर्षं इथं पास्टर होते. त्यांची मुलगी प्रार्थना चुकवून जाते आणि कुठं ते सांगत नाही." मग माझ्याकडे वळून, "त्या विचिटाच्या माणसाचं काय झालं विचार."

विचिटाचा माणूस म्हणजे गॅरिक, त्या शहरातला जुन्या वस्तूंचा व्यापारी. वसंतात येऊन त्यानं होडी विकत मागितली होती.

"मी विकायची नाही म्हणून सांगितलं," आयोनी म्हणाली. "तो परत आलाच नाही."

"काल त्याची गाडी जिनिव्हाच्या खानावळीपुढे उभी होती. माझ्या नणंदेनं पाहिली."

आयोनीचा चेहरा उतरला. मला ते आवडलं नाही, पण नजरेत भरलं. बारा वर्षं मार्शलकी केल्यावर माणूस शेजाऱ्याचा चेहराही दुधात माशी शोधावी तसा बघायला लागतो.

खरं सांगायचं तर या होडीचं कौतुक आयोनीइतकं कुणालाच नव्हतं. बुधवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांचं एकत्र जेवण झालं, तेव्हा टुलिओचं पत्र तिनंच वाचून दाखवलं होतं. कैरोच्या कुणाकडून भाषांतर करून आणलेलं. डालग्रेनबाईंच्या पीच पायची चव अजून जिभेवर आहे, तुमचा तो लंगडा कुत्रा किती वर्षं जगला, मळणीला आलेली माणसं माझी होडी वाकडी आहे म्हणून हसायची, ती अजून उजवीकडे कलते का, एमेटनं लग्न केलं का. ऐकताना निम्मं तळघर डोळे पुसत होतं. एमेट उठून भांडी घासायला गेला होता.

"उद्या संध्याकाळी सातला सभा," मॅक्सीन म्हणाली. "होडी तोवर मिळाली नाही, तर आयोनी, तुला काढायचा ठराव मी स्वतः मांडणार. नोकरीही आणि खोल्याही. मंगळवारी पाहुण्याला काय दाखवू? रिकामी काच?"

आयोनी जुडगा मुठीत घट्ट धरून उभी राहिली.

"आणि लोवेल," मॅक्सीन जाता जाता म्हणाली, "आज सहाला वरच्या खोल्या बघू. तू असलास तर बरं दिसेल."

३

त्या संध्याकाळचं मला लिहायला जड जातं, पण लिहितो.

आम्ही तिघं वर गेलो. मॅक्सीन, मी, आणि समितीचा सभासद म्हणून एमेट. एमेट दारातच थांबला, हॅट छातीशी धरून. आयोनी खिडकीपाशी खुर्चीत बसली आणि बाहेर बघत राहिली.

कपाट मी उघडलं. खण मी ओढले. दोन हात लांबीची होडी रुमालांच्या खणात मावत नाही हे मला कळत होतं, तरी मी तो खण उघडला, कारण मॅक्सीन "तो राहिला" म्हणाली. नवऱ्याची दाढीची पेटी निघाली, औषधांच्या बाटल्या निघाल्या, बाईमाणसाचे कपडे निघाले. शेवटच्या खणात गॅरिकचं कार्ड निघालं.

"हे बघ!" मॅक्सीन म्हणाली.

"वसंतात दिलेलं आहे," आयोनी खिडकीकडेच बघत म्हणाली.

"बास झालं, मॅक्सीन," दारातून एमेट म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "चोर बाहेरचा असणार. हिच्यावर कोण संशय घेईल?"

"मी घेतेय की," मॅक्सीन म्हणाली.

ती दोघं खाली गेल्यावर मी मागे राहिलो.

"आयोनी, सकाळी कुठं होतीस ते मला तरी सांग."

तिनं आधी खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "कैरोला. फादर बेनेडेटोंकडे."

"कॅथलिक फादर?"

"बघ, तुझंही तोंड असं झालं! ते रोममध्ये शिकलेत. पत्र त्यांनीच वाचून दिलं. मी त्यांच्याकडे इटालियन शिकते आहे, पाच रविवार झाले. तो माणूस चाळीस वर्षांनी येतोय, त्याला त्याच्या भाषेत एक 'या, बसा' म्हणावं, इतकंच. पण ल्यूथरन पास्टरची मुलगी प्रार्थनेच्या वेळी कॅथलिक फादरच्या स्वयंपाकघरात बसते हे गावाला कळलं असतं तर पाहुणा राहिला बाजूला, माझंच कीर्तन झालं असतं."

"मग हे मॅक्सीनला सांगू या."

"सांग. ती म्हणेल, घर मोकळं ठेवायलाच गेली होती."

ती अगदी तसंच म्हणाली असती. फादरांना मी रात्री जेवणाआधी फोन केला. आयोनी दहा ते साडेअकरा त्यांच्याचकडे होती. तेवढ्यानं तिनं होडी उचलली नाही हे ठरलं. तिनं कुणाला उचलू दिली नाही हे कुठं ठरत होतं?

४

सोमवारी सकाळी पहिला फोन विचिटाला केला.

"मला कशाला गोवताय?" गॅरिक उखडला. "शनिवारी मी जिनिव्हात एका घड्याळासाठी आलो होतो. तुमच्या होडीचा नाद मी एप्रिलातच सोडला."

"बाईंनी नाही म्हटल्यामुळे?"

"बाई नाही म्हणाल्या तेव्हा मी सुटलो असं वाटलं. आधी दुरून बघून मागितली होती. मग चष्मा लावून बघितली."

"काय वाईट होतं तिच्यात?"

"वाईट काही नाही. फार नीटनेटकी होती. यापुढे मी बोलणार नाही, मार्शल. एकदा एका गावाला त्यांच्या तोफेबद्दल खरं सांगितलं, तर त्यांनी माझ्या गाडीच्या काचा फोडल्या."

फोन ठेवला त्यानं. फार नीटनेटकी! ही काय तक्रार झाली?

मी वाचनालयात गेलो. आयोनी वर सामान आवरत होती, तिची पावलं छतातून ऐकू येत होती. मी पेटी टेबलावर घेतली आणि उलटी केली. तळाची फळी चार स्क्रूंवर बसवलेली होती आणि चारही स्क्रूंच्या खाचा ताज्या चमकत होत्या. म्हणजे कुलपाला हातही न लावता खालून होडी काढता येत होती. हे कुणाला माहीत असेल? पेटी फिरवून बघितली. कोपऱ्यात बारीक अक्षरं कोरलेली होती, ए. डी., १९४६. एमेट डालग्रेन. होडी वाचनालयाला दिली त्यानं, तिला पेटीही बनवून दिली त्यानंच. सुतारकामात त्याचा हात धरणारा आमच्या तालुक्यात नाही.

मला स्वतःचाच राग आला. एमेट! बर्फात गाडी अडकली की ज्याला आधी हाक मारायची तो एमेट. माझ्या लेकीच्या लग्नात टेबलं त्यानं बनवली. शिवाय तो प्रार्थनेला होता, दानाची थाळी तोच फिरवतो. प्रवचनाआधी थाळी घेऊन माझ्यापुढून गेला, शेवटी पुन्हा दिसला. मधली चाळीस मिनिटं तो मागच्या दाराशी उभा असतो. पण आम्ही ल्यूथरन लोक. प्रवचन चालू असताना मान वळवून मागे बघणं म्हणजे शिंकण्याहून मोठा गुन्हा. बघितलं कुणीच नव्हतं.

तरी त्याची गाडी तर झाडाखाली उभी होती. चालत वाचनालयात जाऊन, दोन हात लांब होडी काखेत मारून तो भर रस्त्यानं जाणार होता का? आणि गेला तर ठेवली कुठं? काल अंगणात हसत असताना गाडीत मी स्वतः बघितलं होतं, सीटवर दोरखंड आणि रिकामं पोतं, बाकी काही नाही.

बाकी काही नाही. मी पेटी ठेवली आणि घरी निघालो. बायकोला एक प्रश्न विचारायचा होता आणि तो विचारायचा धीर व्हेनिसमधल्या कुठल्याही नवऱ्याला आजवर झाला नसेल.

५

बर्नडीन ओट्यापाशी झुकिनी किसत होती. सलग नऊ दिवस.

"काल पास्टरांच्या गाडीत कुणी टाकल्या?" मी विचारलं.

"मला काय माहीत?"

"बर्नडीन, मी मार्शल म्हणून विचारतोय."

"मग तुझा तो बिल्ला लावून ये."

"आयोनीचं घर जातंय."

किसणी थांबली. तिनं हात पुसले. "मीच टाकल्या. कॉफीची तयारी करायला म्हणून प्रवचनातून उठले. पोतं आदल्या दिवशीच झुडपात ठेवलं होतं. काय करू? परसात पाय ठेवायला जागा नाही."

"सगळ्या गाड्या बघितल्यास?"

"एकूण एक. एकोणीस होत्या. मेली सगळी कुलपं! फक्त पास्टरांचीच उघडी, म्हणून बिचाऱ्यांवर अकराच्या अकरा आल्या. मलाही वाईट वाटलं."

"आणि एमेटची?"

"एमेटची कुठं होती? ती असती तर मी अकरा झुकिनी पास्टरांच्या डोक्यावर कशाला घातल्या असत्या? त्याची डुकरं खातात. झाडाखालची जागा रिकामी होती. मला वाटलं, आज शेजाऱ्याबरोबर आला असेल."

काचा खाली, दार उघडं, साडेनऊपासून जागेवर, आणि ऑगस्टात एकही झुकिनी नाही! मी तिथंच उभा होतो आणि हसत होतो. दुसऱ्या कुठल्याही गावात रिकामी सीट म्हणजे रिकामी सीट. इथं ती साक्ष होती आणि मार्शलला दिसली नव्हती.

पण का? स्वतःच दिलेली होडी माणूस चोरेल कशाला? तीही पाहुणा यायच्या दोन दिवस आधी?

मी परत वाचनालयात जाऊन ज्ञानकोशाचा खंड काढला. होडीवरची दोन पानं उभ्यानंच वाचली. त्यात लिहिलं होतं की व्हेनिसच्या होडीला एकच वल्हेकरी असतो आणि तो एकाच बाजूनं वल्हवतो, म्हणून होडी गोल फिरू नये यासाठी तिची डावी बाजू मुद्दाम जास्त रुंद बांधतात. रिकामी असली की ती उजवीकडे कलते. सगळ्याच कलतात.

आमच्या लेकीच्या वर्गानं एकदा आयोनीची परवानगी काढून आमची होडी शाळेमागच्या गुरांच्या टाकीत सोडली होती. मी होतो तिथं. ती पाण्यावर ताटात ठेवल्यासारखी सरळ तरंगली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

होडी बांधणाऱ्याचा मुलगा अशी होडी कोरणार नाही. जगात एकच माणूस ती बघून क्षणात म्हणाला असता की ही माझी नव्हे, आणि तो मंगळवारच्या बसनं येत होता.

६

एमेट यंत्रांच्या शेडमध्ये होता. मी काही बोलायच्या आत त्यानं पान्हा खाली ठेवला.

"तुझी गाडी झाडाखाली नव्हती," मी म्हणालो. "आणि ती होडी टुलिओची नव्हे. त्याची कुठं आहे?"

तो बादली उलटी करून तिच्यावर बसला. चौसष्ट वर्षांचा माणूस एकदम ऐंशीचा दिसायला लागला.

"चुलीत गेली," तो म्हणाला. "पंचेचाळीसच्या एप्रिलात. माझा भाऊ आर्विड इटलीत मारला गेल्याची तार आली त्या दुपारी. टुलिओला तेव्हा दुसऱ्या छावणीत नेलं होतं, होडी आमच्या फडताळावर ठेवून गेला होता. बाबांनी तार वाचली, होडी उचलली, चुलीत घातली. आई ओरडली. मी तिथंच उभा होतो, लोवेल. मी हात पुढे केला नाही."

"मग?"

"मग त्याचं पत्र आलं. लिहिलं होतं, माझी होडी गावाला द्या, म्हणजे दोन्ही व्हेनिसमध्ये मी असेन. आता त्याला काय कळवू? हिवाळाभर बसून मी दुसरी केली. त्याची थोडी वाकडी होती, मला वाटायचं चाकू धड नव्हता म्हणून बिघडली असेल. मी ती नीट केली." त्यानं हातांनी तोंड झाकलं. "बुधवारी आयोनीनं पत्र वाचलं तेव्हा कळलं. चाळीस वर्षं गाव जिच्यावर फुशारकी मारतंय ती मी केलेली आहे, आणि तीही चुकीची."

"मग उचललीस."

"चार दिवसांसाठी. तो गेला की परत ठेवणार होतो. सगळे म्हणाले असते, बाहेरचा चोर. आयोनीचं नाव कोण घेईल?"

"घेतलं की. काल तिच्या खोलीत तू दारात उभा होतास."

त्यानं पान्हा उचलला आणि परत ठेवला.

"सातला सभा आहे," मी म्हणालो. "तू सांगितलंस तर ठीक. नाहीतर मी सांगेन."

सात वाजता आगीच्या बंबाच्या शेडमध्ये साठएक माणसं जमली होती. बंब बाहेर काढून आत बाकं टाकलेली. आयोनी पहिल्या बाकावर एकटी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना बाक मोकळंच राहिलं होतं. एमेट नव्हता. मॅक्सीननं ठराव वाचायला घेतला, "विश्वासभंगाच्या कारणास्तव" इथवर आली, आणि मी उठणार तोच दार उघडलं.

एमेटनं होडी दोन्ही हातांत धरली होती, तान्ह्या पोराला धरावं तशी. ती त्यानं मॅक्सीनच्या कागदांवरच ठेवली आणि मला सांगितलं ते सगळं सगळ्यांना सांगितलं. वडिलांचं सांगितलं, चुलीचं सांगितलं, रविवारचं सांगितलं. एकही शब्द स्वतःच्या बाजूनं बोलला नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरे एमेट, तुझा भाऊ गेला होता," आणि दोघीतिघी रडायला लागल्या. लोक उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवू लागले.

मॅक्सीननं कागद गोळा केले. "चला, म्हणजे प्रश्न मिटला. ठराव मागे. आयोनी, तू आहेस तशी राहा. उद्या पाहुण्याला काय सांगायचं ते आता ठरवू."

आयोनी उठली. जुडगा तिनं टेबलावर होडीशेजारी ठेवला.

"हे काय?" मॅक्सीन म्हणाली.

"किल्ल्या. पाहुणा जाईपर्यंत मी आहे, नंतर नाही."

"अगं पण तुझ्यावरचा आळ गेला ना!"

"गेला," आयोनी म्हणाली. "एमेटनं तोंड उघडलं म्हणून गेला. इथं साठ माणसं आहेत. कालपासून एमेट सोडून तुमच्यातला एक जण तरी म्हणाला का, की आयोनी असं करणार नाही? एमेट, तू घाबरलास, ते मला समजतं. पण मॅक्सीननं माझे खण उपसायला लावले तेव्हा इथल्या एकालाही आश्चर्य वाटलं नाही. त्या खोल्यांत आता मला झोप येणार नाही."

कुणी तिला थांब म्हणालं नाही. तसं म्हणायला त्या शेडमध्ये कुणाचं तोंडच राहिलं नव्हतं, माझं धरून.

मंगळवारी टुलिओ आला. एमेट बसच्या दाराशीच उभा होता आणि त्यानं जे झालं ते तिथंच सांगितलं. टुलिओनं होडी हातात घेतली, डोळ्यांसमोर धरून या टोकाकडून त्या टोकाकडे बघितली, आणि इतका हसला की त्याचे दात निघतील असं वाटलं. मग त्यानं एमेटला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. आयोनी त्याच्याशी त्याच्या भाषेत अडखळत बोलली, तेव्हा त्यानं तिचे दोन्ही हात कपाळाला लावले. जेवणं झाली, फोटो निघाले. मॅक्सीननं भाषण केलं. इतका चांगला दिवस गावानं कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता आणि जो तो मला म्हणत होता, लोवेल, तुझं डोकं मात्र चालतं हं!

बुधवारी सकाळी आयोनी सलायनाला बहिणीकडे निघाली. बहिणीचा मुलगा गाडी घेऊन आला होता. मी गेलो तेव्हा वरून शेवटच्या दोन पेट्या खाली यायच्या होत्या. मी जिना चढलो आणि एकीला हात घातला.

"राहू दे, लोवेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "माझ्या सामानाला तुझे हात लागून झालेत."

मी पेटी खाली ठेवली आणि तिला वाट द्यायला भिंतीला लागून उभा राहिलो. दोन्ही पेट्या तिनं एकटीनं उतरवल्या, एकेक करून.